डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात एक दिवस : आधी परतीची वेळ ठरवा

आदल्या दिवशी उद्यानाच्या कार्यालयात चौकशी करा : वाट उघडी आहे का, परवाना लागतो का, हवामान काय म्हणतंय. मग नकाशा उघडून अंतराबरोबर चढही बघा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब आजही कामाला येतो : साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन १० किलोमीटरची, ६०० मीटर चढाची वाट असेल तर तीन तास झाले. पण हा वेळ न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. फोटो, डबा, दम खाणं धरून मी त्यात दीड तास वाढवते.

आता सूर्यास्तापासून उलटं मोजा. अंधाराच्या दोन तास आधी खाली यायचं असं धरून मागे फिरायची वेळ ठरवा आणि सोबतच्या सगळ्यांना ती सांगा. वर गेल्यावर माथा अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो, पाय थकलेले असतात आणि मन म्हणतं, वीसच मिनिटं. ती वीस मिनिटं कधीच वीस नसतात. बऱ्याचदा दिसतो तो माथा नसतोच, त्याच्यामागे आणखी एक चढ असतो. घड्याळात वेळ झाली की फिरा.

निघायचं पहाटेच. उन्हाळ्यात डोंगरउतार तापतात, हवा वर चढते आणि दुपारपर्यंत ढग जमतात. गडगडाट ऐकू आला की धारेवरून लगेच खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

सुती टी-शर्ट घालू नका. तो घामाने भिजून पाठीला चिकटतो आणि माथ्यावर वारा लागला की हुडहुडी भरते. हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधीच जाकीट चढवा. पाणी तासाला अर्धा लिटर धरा. शिट्टी जवळ असू द्या. मिनिटात सहा वेळा वाजवणं ही संकटाची खूण आहे.

वळणावर शॉर्टकट मारू नका. तिथली माती पायांनी सुटते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. प्राण्यांना खाऊ तर मुळीच घालू नका, माणसांना सोकावलेला प्राणी शेवटी स्वतःच जिवाला मुकतो.

उतरण्याआधी दगडावर बसा, टाच बुटात मागे ठोकून बसवा आणि घोट्याशी लेस आवळा. नाहीतर पावलागणिक अंगठा पुढे आपटतो, संध्याकाळपर्यंत नख काळं पडतं.

गाडीने जाता येतील असे धबधबे आणि पॉइंट दुपारनंतरसाठी ठेवा. तिरप्या उन्हात दऱ्यांच्या घड्या उठून दिसतात, ऊन डोक्यावर असताना निम्म्याही दिसत नाहीत. आणि निघताना ज्याला वाट आणि वेळ सांगून आलात, त्याला खाली पोहोचल्याचं आधी कळवा.