खान्देशात मॅग्नेटोमीटरने डाइक शोधताय? या चुका टाळा

साक्री तालुक्यात एका विहिरीसाठी मी मॅग्नेटोमीटर (चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र) घेऊन शेतभर फिरलो. डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची भिंत, कुठे आहे ते बघायचं होतं. आलेखाचं शिखर आलं तिथे खुंटी ठोकली आणि ‘इथे डाइक आहे, लांब खोदा’ असं सांगितलं. शेतमालक दादांनी उत्तरेला थोडं सरकून खोदायला घेतलं, आणि नेमकी डाइकच लागली. विहिरीच्या भिंतीत सरपण आडवं रचून ठेवावं तसे काळे खांब दिसत होते. चूक माझी, पैसा त्यांचा गेला.

शिखर म्हणजेच डाइक, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. आपल्याकडे चुंबकसुई क्षितिजाखाली जेमतेम ३० अंश झुकते. त्यामुळे पूर्व-पश्चिम डाइकवर शिखर दक्षिणेला आणि दरी उत्तरेला पडते. खडक दोन्हींच्या मधे, दरीच्या बाजूला असतो. हा झाला फक्त आजच्या चुंबकक्षेत्राचा हिशेब. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हापासून बनलेला काळा खडक, थिजताना त्या काळचं चुंबकत्वही धरून ठेवतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि बराचसा लाव्हा पृथ्वीचं क्षेत्र उलटं असताना थिजला. हे जुनं चुंबकत्व जोरदार असेल तर शिखर किंवा दरी थेट डाइकच्या डोक्यावरही येते. म्हणून मॉडेल (आलेखावरून डाइकची जागा, खोली, रुंदी काढायचा हिशेब) बसवण्याआधी तीच डाइक जवळच्या टेकडीवर उघडी दिसते का बघा. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती लांबवर दिसतात. तिच्यावरून रीडिंग घेत एक ओळ मारली की आलेख कसा वाचायचा ते कळतं.

ओळ बांधाच्या सोयीने नको, डाइकला आडवी हवी. इथे बहुतेक वेळा उत्तर-दक्षिण. दहा मीटरची डाइक पंचवीस मीटरच्या अंतराने घेतलेल्या रीडिंगमधून सहज निसटते.

बोअरचा केसिंग पाइप, तारेचं कुंपण, बांधावरची मोटरसायकल, सोबत्याच्या कमरेचा विळा: हे सगळं लांब ठेवा, नाही जमलं तर वहीत नोंदवा. दिवसभरात क्षेत्र आपोआप सरकतं, म्हणून ठरलेल्या जागेवर परत जाऊन रीडिंग घेत राहा.

यावल-रावेरकडे गोष्ट वेगळी. तापीच्या जाड गाळाखाली कातळ खोल गेलेला, त्यामुळे आलेख रुंद आणि मंद होतो. मंद दिसला म्हणून डाइक लहान ठरवू नका. उथळ रुंद खडक आणि खोल अरुंद खडक जवळपास सारखाच आलेख देऊ शकतात. आधी आसपासच्या बोअरमध्ये कातळ किती फुटांवर लागला ते विचारा आणि तोच आकडा मॉडेलमध्ये पक्का धरा.