हरभऱ्यातील मर: बुरशी रानात असतानाही पीक कसे राखावे

बेळगाव जिल्ह्यातील अथणी, रायबाग, चिकोडी या भागांत रब्बीच्या हरभऱ्याला मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, लागली की रानात नवी बुरशी आली असे समजले जाते. वस्तुतः फ्युजेरियम ऑक्झिस्पोरम ही बुरशी शेतजमिनीत सर्रास आढळते. तिचे अनेक प्रकार कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर किंवा मुळांच्या बाहेरील थरात राहतात आणि पिकाला कसलाही उपद्रव देत नाहीत. मोजकेच प्रकार मुळांतील पाणी वाहणाऱ्या नलिकांत शिरून त्या बंद पाडतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टोमॅटोवर मर आणणाऱ्या प्रकाराचे एक गुणसूत्र निरुपद्रवी प्रकारात गेले, तेव्हा तो प्रकारही रोगकारक झाल्याचे दिसले. दोन्ही प्रकार नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, म्हणून सगळी बुरशी मारण्याच्या मागे लागू नये.

प्रथम रोगाची खात्री करावी. झाड मुळासकट उपटून जमिनीलगतचा भाग चाकूने उभा चिरावा. मुळे बाहेरून धडधाकट दिसत असून आत गर्द तपकिरी किंवा काळपट रेघ असेल, तर ती मर होय. बुंध्याशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे दाणे दिसल्यास ती स्क्लेरोशियम बुरशीची बुंधाकूज समजावी. फुलोऱ्यानंतर, उष्ण व कोरड्या हवेत, मुळे ठिसूळ होऊन साल सुटत असल्यास कोरडी मूळकूज असण्याची शक्यता अधिक असते.

पिकांच्या फेरपालटीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण चूक बहुधा येथेच होते. मर आणणारा प्रकार जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात हरभऱ्याविना ६ वर्षेही तग धरतो. शिवाय मसूर, वाटाणा आणि तूर यांच्या मुळांत तो कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. आपल्याकडे भातानंतर मसूर घेण्याची रीत जुनी आहे. तरीही मर लागलेल्या रानात हरभऱ्याऐवजी मसूर पेरली, तर पीक हिरवेगार दिसेल, पण त्याच्या मुळांवर बुरशीची सोय होत राहील. अशा रानात शाळू, गहू किंवा करडई घ्यावी. फेरपालटीने बुरशी संपत नाही, तिचे प्रमाण घटते. म्हणून पुन्हा हरभरा घेताना जेजी ११, जाकी ९२१८ किंवा विजय यांसारखे मर रोगास प्रतिकारक वाण निवडावे. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात बियाणे उचलताना वाणाचे नाव पिशवीवर वाचून घ्यावे.

पेरणीपूर्वी किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावा, त्यानंतर रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) लावून बियाणे सावलीत सुकवावे. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, त्यामुळे तिच्यासोबत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक वापरू नये. तसे केल्यास कामाची बुरशीच आधी मरते. ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळायचा असल्यास खत चांगले कुजलेले व ओलसर असावे, आणि ढीग सावलीत गोणपाटाखाली ठेवावा.

उभ्या पिकात नलिका बंद पडलेले झाड कोणत्याही आळवणीने (मुळाशी औषध ओतण्याने) परत उभे राहत नाही. अशी झाडे मुळांसकट उपटून बांधावर न टाकता जाळावीत, आणि त्या रानातील भुसा शेणखताच्या खड्ड्यात जाऊ देऊ नये.