मैफलीचे थेट प्रक्षेपण: आधी आवाज, मग चित्र

शास्त्रीय संगीताच्या मैफलीचे थेट प्रक्षेपण करायचे ठरले की बहुतेक मंडळे आधी कॅमेऱ्याची चौकशी करतात. वास्तविक चित्र थोडे धूसर झाले तरी श्रोता बसून राहतो. आवाज फाटू लागला की तो उठतो. म्हणून वेळ आणि पैसा आधी आवाजावर खर्च करावा.

सभागृहातील स्पीकरना जाणारा आवाज जसाच्या तसा प्रक्षेपणाला जोडू नये. लहान सभागृहात तबला मुळातच खणखणीत ऐकू येत असल्यामुळे साउंडवाले तो स्पीकरवर कमीच सोडतात, आणि घरी ऐकणाऱ्याला मात्र ठेका जेमतेम जाणवतो. मिक्सरच्या ऑक्स आउटपुटमधून (मुख्य स्पीकरपासून वेगळे मिश्रण बाहेर काढण्याची जोडणी) प्रक्षेपणासाठी स्वतंत्र मिश्रण घ्यावे, ते शक्यतो दुसऱ्या खोलीत बसून हेडफोनवर तपासावे, आणि दाद ऐकू यावी यासाठी श्रोत्यांच्या दिशेने एक माइक ठेवून तो अगदी हलका मिसळावा.

आवाजाची चाचणी संथ आलापावर उरकू नये. गायकांना तार सप्तकातील एखादी जोरकस तान घ्यायला आणि तबलजींना तिहाई वाजवायला सांगावी. त्या वेळी ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधील मीटरवरील काटा उणे 10 ते उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. नॉइज सप्रेशन (पार्श्वभूमीचा गोंगाट पुसणारी सोय) मात्र आवर्जून बंद ठेवावे, कारण तंबोऱ्याचा अखंड नाद हा पंख्याच्या घरघरीसारखाच नको असलेला आवाज आहे असे समजून ते तो पुसू लागते. मैफलीचा आधारस्वरच असा नाहीसा होणे अक्षम्य आहे.

चित्रासाठी कॅमेऱ्याचा शटर 1/50 सेकंदावर ठेवावा; आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुक त्यामुळे बहुधा टळते. 1080पी, सेकंदाला 30 फ्रेम, सुमारे 4,500 केबीपीएस स्थिर बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) आणि 2 सेकंदांचा कीफ्रेम इंटरव्हल (दोन पूर्ण फ्रेममधील अंतर) एवढे बैठकीला पुरते, मात्र अपलोडचा वेग या बिटरेटच्या निदान दुप्पट हवा आणि जोडणी वायफायऐवजी लॅन केबलने करावी. वेग मोजायचा तो मैफलीच्याच वेळी, सभागृह भरलेले असताना.

शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्डिंग पाहावे. चित्र बहुधा आवाजाच्या मागे राहते. जितके मिलिसेकंद फरक दिसेल तितका ओबीएसमधील सिंक ऑफसेट (आवाज तेवढा उशिरा सोडण्याची सोय) आवाजाला देऊन तबलजींची थाप आणि तिचा नाद जुळेपर्यंत ही चाचणी पुन्हा करावी.