शेताचं जुनं टिपण कसं वाचावं

बांधाचा वाद निघाला की आपण आधी सातबारा काढतो. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्दीची मापं नसतात. ती टिपणात, म्हणजे जुन्या पाहणीत शेत मोजून काढलेल्या आकृतीच्या कागदावर असतात. शेतीवाल्या प्रत्येक घरात कुणाला तरी टिपण वाचता यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी जुना सर्व्हे नंबर शोधा. 1947 च्या कायद्यानुसार गावाचं एकत्रीकरण झालं असेल, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडले असतील, तर आजचा गट नंबर टिपणाशी जुळणार नाही. जुने फेरफार आणि एकत्रीकरणाचा उतारा पाहावा लागेल. मग तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात टिपणाच्या नकलेसाठी अर्ज करा. पोटहिस्से पडले असतील तर फाळणीही, म्हणजे त्या हिश्शांच्या मोजणीचा कागदही मागा.

आता मापं. 1835 च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या पाहणीची घडी बसवली. या पाहणीची साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. म्हणजे एक आणा 2 फूट पाऊण इंच. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. त्यामुळे साखळ्यांचा गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांत येतं. किती सोयीची रचना आहे ही! जुन्या लिखाणात पाव, अर्धा, पाऊण हे ।, ॥, ॥। असे दंडांनी दाखवतात. साखळीच्या मापात ते 4, 8, 12 आणे.

टिपणातली आकृती हाती काढलेली असते, तिच्यावर पट्टी लावू नका. आकडे वाचा. शेतातून गेलेली बेसलाइन, म्हणजे मोजणीची मुख्य सरळ रेषा शोधा, तिच्यावर कुठल्या अंतरावर लंब काढलेत ते पाहा आणि आलेख कागदावर एक साखळी म्हणजे एक सेंटिमीटर धरून सगळं पुन्हा काढा. शेत त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत आपोआप विभागलं जातं.

समजा एका त्रिकोणाचा पाया 12 साखळ्या 8 आणे आणि लंब 5 साखळ्या 4 आणे आहे. 12.5 गुणिले 5.25, भागिले 2, म्हणजे 32.8125. अपूर्णांकाला 16 ने गुणा: 32 गुंठे 13 आणे, आजच्या हिशेबात सुमारे 33.2 आर. असे सगळे तुकडे मिळवा आणि बेरीज सातबाऱ्याशी ताडून पाहा. पोटखराबा, म्हणजे शेतातली लागवडीला न येणारी जमीन, धरायला विसरू नका, बराचसा घोळ तिथेच होतो.

गाव नकाशा शेजारचे नंबर, ओढे, वाटा कळण्यासाठी वापरा. बांध त्यावरून ठरवू नका. 1 इंचाला 20 साखळ्या या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ 4 मीटर होते.

फरक दिसला तरी स्वतः बांध हलवू नका, वरुळीचा, म्हणजे हद्दीच्या खुणेचा दगडही उचलू नका. सरकारी मोजणीचा अर्ज करा, मोजणीच्या दिवशी टिपणाची नक्कल घेऊन हजर राहा आणि मोजणी करणाऱ्या भूकरमापकाला ही नक्कल कुठल्या खुणेपासून लावताय ते विचारा.