स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची विडी कशी सोडवावी

'आधी डोकं ठिकाणावर येऊ दे, मग विडीचं बघू,' हा सल्ला निपाणी-चिकोडीकडं घरोघरी ऐकायला मिळतो. तो मानू नका. स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्यात हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या दुखण्यांचा वाटा मोठा असतो. फक्त आजार उसळलेला असेल तेवढ्यापुरतं थांबा. औषधं नीट लागू पडली की सुरुवात करा.

विडी सोडायचा दिवस रुग्णाला विचारून ठरवा. विडीचा कट्टा लपवणं, पैसे बंद करणं, चारचौघांत बोलणं यानं विडी सुटत नाही, विश्वास मात्र जातो. तलफेसाठी निकोटिनचा गम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून घ्या. गम बबलगमसारखा चघळायचा नाही. झणझणलं की गालात धरून ठेवायचा.

आता खरी अवघड गोष्ट. विडी-सिगारेटच्या धुरामुळं यकृत काही औषधं भराभर संपवतं, विशेषतः स्किझोफ्रेनियावरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन. डॉक्टरांनी डोस बसवलेला असतो तो विडी ओढणाऱ्या माणसाला. धूर थांबला की त्याच गोळ्या अंगावर येतात. क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण आठवड्याभरात दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतं. सकाळी उशी लाळेनं भिजलेली, ताटावर बसल्या बसल्या डुलक्या, उठताना तोल जाणं, घट्ट बद्धकोष्ठ. घरचे म्हणतात, 'विडी सोडली म्हणून सुस्त झालाय.' नाही! औषध जास्त होतंय, आणि अशात फिटसुद्धा येऊ शकते.

म्हणून विडी सोडायच्या आधीच डॉक्टरांना दिवस सांगा आणि डोसचं विचारा. धारवाडच्या दवाखान्याची पुढची तारीख महिन्यानं आहे म्हणून वाट बघू नका, फोन करा. घरच्या घरी गोळी अर्धी करणं तर अजिबात नको. गम-पट्टी चालू असली तरी हा फरक पडतोच, कारण तो धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्याच कारणानं विडीऐवजी तंबाखू मळून दिली तरी औषध चढणारच, वर तोंडाच्या कॅन्सरची भीती.

पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, झोपमोड होते. ती ओसरते. भास किंवा संशय वाढला तर मात्र लगेच दाखवा.

तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416, दोन्ही फुकट आहेत.

पुन्हा ओढायला लागला तर रागावू नका, पण डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. कमी केलेला डोस आता त्याला पुरणार नाही.