डॅनिएल फ्रीमन यांची कबर बघायला जाताना

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या बिॲट्रिस गावाजवळ होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. होमस्टेड कायदा १ जानेवारी १८६३ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी डॅनिएल फ्रीमन यांनी इथल्या १६० एकरांवर हक्क नोंदवला. या कायद्यानं सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली की ती नावावर होत असे. १९०८ साली ते वारले. त्याच जमिनीत त्यांची आणि पत्नी ॲग्नेस यांची कबर आहे.

आधी हेरिटेज सेंटरला जा. तिथलं पार्किंग मुद्दाम बरोबर एक एकराचं केलंय. गाडी लावून त्याला कडेकडेनं एक फेरी मारा, म्हणजे असे १६० एकर नांगरणं काय असेल ते पायांना कळतं. मग नकाशा घेऊन कबरीकडे निघा.

दगडावरची अक्षरं वाचायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तम. दुपारी सगळं सपाट दिसतं, तेव्हा छोट्या आरशानं बाजूनं उजेड पाडा. खडू किंवा पीठ अजिबात चोळू नका. दगड खराब होतो.

उन्हाळ्यात इथलं गवत माणसाच्या उंचीचं होतं आणि त्यात गोचिडी असतात. पूर्ण पँट घाला, मोजे वर ओढा, परतल्यावर अंग तपासा.

सेंटरमधलं मूळ रहिवाशांविषयीचं प्रदर्शन मात्र चुकवू नका. ही जमीन ‘मोफत’ वाटली गेली, पण ती आधी त्यांची होती.