उद्यमबागेत सीएनसीवर नवीन लागताय? पाळी बदलताना काय विचारायचं, काय सांगायचं

आयटीआय किंवा जीटीटीसी (सरकारी टूल-ट्रेनिंग सेंटर) करून बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे नाहीतर होनग्याच्या एखाद्या शॉपमध्ये सीएनसी लेथवर लागलात, तर जी-कोड, व्हर्नियर, मायक्रोमीटर तुम्हाला येतंय असं धरून चालतो. प्रोग्राम बहुतेक वेळा तयारच मिळतो. नवीन पोरगा अडकतो ते वेगळ्याच ठिकाणी. आधीच्या पाळीवाल्याने मशीनवर काय बदललंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जॉब रिजेक्ट झाल्यावर मात्र “मी सांगितलो होतो की!” असं सगळेच म्हणतात.

सगळ्यात मोठा सापळा वेअर ऑफसेटचा आहे, म्हणजे टूलची झीज भरून काढायला कंट्रोलमध्ये भरलेल्या दुरुस्तीच्या आकड्याचा (मिलिमीटरमध्ये). कंटाळा येईल, पण हे नीट वाचा.

ओडीचा (बाहेरच्या व्यासाचा) इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाची कापणारी वडी, झिजते तसा जॉबचा व्यास वाढत जातो, म्हणून सेटर वेअर मायनसमध्ये नेत राहतो. समजा रात्रपाळी सुटताना एक्सचा (व्यासाच्या दिशेचा) वेअर -०.१२० आहे. जॉब ५०.०१० येतोय आणि तुम्हाला ४९.९९० हवाय, म्हणजे अजून ०.०२० उतरवायचे. फॅनुक कंट्रोलवर -०.०२० टाइप करून ‘+इनपुट’ दाबलं की -०.१४० होतं. घाईत नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर आधीचे -०.१२० पुसले जातात आणि तिथे -०.०२० येऊन बसतं. टूल व्यासात ०.१०० बाहेर, पुढचा जॉब ५०.११०. ओडी आहे म्हणून वाचलात, परत मारता येतो.

इन्सर्ट बदलला असेल तर वाचत नाही. इन्सर्टचा कापणारा कोपरा नवा आणि वेअर जुनाच -०.१२० राहिला, तर ओडी तेवढी खाली जाते. बोअरला (आतल्या भोकाला) उलटं. तिथे इन्सर्ट झिजला की बोअर लहान येतो, म्हणून वेअर प्लसमध्ये गेलेला असतो. त्याच आकड्यावर नवा कोपरा चालवला की बोअर मोठा. दोन्ही जॉब सरळ स्क्रॅप. म्हणून कोपरा बदलला की पहिल्या जॉबआधी ओडीचा ऑफसेट प्लसकडे आणि बोअरचा मायनसकडे, साचलेल्या वेअरपेक्षा जास्त, म्हणजे इथे ०.२ सरकवायचा, जॉब मारायचा, मोजायचा आणि मग साइझवर आणायचा.

आता यात पाळी बदल घाला. चंदगड-खानापूरकडच्या पोरांना गाडी गाठायची असते. सुटायच्या आधी दहा मिनिटं कुणीतरी कोपरा बदलतो, वेअर जागेवर आणतो आणि निघतो. येणारा रजिस्टरमध्ये सकाळचा -०.१२० बघतो, स्क्रीनवर वेगळा आकडा दिसला म्हणून ‘दुरुस्त’ करतो आणि पहिलाच जॉब घालवतो. दोघांनाही काम येतं, दोघांचीही नियत चांगली. कमी होती फक्त एका ओळीची.

ती ओळ अशी लिहा: टूल नंबर, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, कितव्या जॉबला, का. ‘ऑफसेट कमी केला’ असं कधीही लिहू नका. -०.१२० कमी केला म्हणजे -०.१०० की -०.१४०? एकाच बाकड्यावरची दोन माणसं दोन अर्थ काढतात. आकडे स्क्रीनवर दिसतात तसेच इंग्रजी अंकांत लिहा. मशीनवर मराठी, कन्नड आणि हिंदीवाला आलटून पालटून येणार आहे, वाक्य प्रत्येकाला वाचता येईलच असं नाही. कारणासाठी तीनच शब्द ठरवून घ्या: झीज, नवा कोपरा, मोजमाप. सीएनएमजी इन्सर्टला चार कोपरे, डब्ल्यूएनएमजीला सहा. वापरलेल्या कोपऱ्यावर मार्करची रेघ मारलीत तर पुढच्याला विचारावंही लागत नाही.

‘मोजमाप’ हे कारण मुद्दाम घातलंय. कास्ट आयर्नचा ५० मिलिमीटरचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर व्यास दहा-अकरा मायक्रॉन जास्त दाखवतो. एक पाळी चकमधून काढल्या काढल्या मोजते, दुसरी चहा पिऊन आल्यावर. दोघी एकमेकींचा ऑफसेट दुरुस्त करत बसतात आणि मशीनला उगाच बदनाम करतात. गरम मोजलं की थंड, हे सांगितलं की निम्मी भांडणं मिटतात.

मोबाइलवर ऑफसेट पेजचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची पद्धत आली आहे. मला ती पटत नाही. फोटोत आकडा येतो, कारण येत नाही, आणि तासाभराने तो आकडाही शिळा होतो. शिवाय काही कंपन्यांत मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो.

आता उस्तादांबद्दल. तुम्ही जवळ गेलात की स्क्रीनचं पान बदलणारा सेटर प्रत्येक शॉपमध्ये एक तरी असतोच. त्याच्या नादी लागू नका, पण त्याला वाईटही म्हणू नका. स्वतःला लागली तेवढी वर्षं दुसऱ्यालाही लागावीत असं वाटणारी माणसं असतात. सेटिंग चालू असताना “अण्णा, शिकवा की” म्हणालात तर खेकसणारच. पहिला जॉब पास झाल्यावर एकच नेमका प्रश्न विचारा: “मामा, फीड ०.२ वरून ०.१५ का केलात?” असल्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळतं. सलग दहा जॉबची मापं लिहून त्याच्यापुढे ठेवा. ती त्याला हवीच असतात, आणि ती बघताना तो आपोआप बोलायला लागतो.

सांगितलं तर आपली किंमत कमी होईल ही भीती तुम्हालाही सहा महिन्यांत लागेल. हिशेब उलटा आहे. ज्याच्याशिवाय मशीन चालत नाही त्याला गणपतीत रजा मिळत नाही, मध्यरात्री फोन येतो आणि लाइन इन्चार्ज करायची वेळ आली की ‘त्याला मशीनवरून हलवता येत नाही’ म्हणून त्याचं नाव मागे राहतं. ज्याने दोघांना तयार केलंय तो मोकळा होतो.

पहिले काही दिवस तुमच्या हातून माप सुटेल. घाबरू नका, पण लपवू नका. लपवलेला जॉब पेटीत मिसळला की पुढे सगळी पेटी तपासावी लागते. फॅनुकवर एका वेळी वेअर किती बदलता येईल याची मर्यादा पॅरामीटरमध्ये बांधता येते. तुमच्या मशीनवर ती बांधली आहे का, हे इन्चार्जला पहिल्याच आठवड्यात विचारा. नसेल तर बांधून मागा, त्यात कमीपणा नाही. सीमेन्स कंट्रोल असेल तर आकडा भरायची पद्धत वेगळी आहे, हात लावायच्या आधी समोर उभं राहून बघून घ्या.

रजिस्टर कंपनीचं असतं, तेव्हा स्वतःची एक खिशातली वही ठेवा. त्यात मटेरियल, इन्सर्टचा ग्रेड, स्पीड, फीड, किती जॉबनंतर कोपरा गेला आणि काय बिघडलं एवढं लिहा. ड्रॉइंग नंबर आणि गिऱ्हाइकाचं नाव त्यात नको. ते बाहेर गेलेलं कुठल्याच कंपनीला चालत नाही.